पुस्तक पुढे करणं हाही संवादच

घरात पाहुणे आले की एखादं मूल पुस्तक उचलून आतल्या खोलीत जातं. मग ठरलेली वाक्यं सुरू होतात. ‘जरा बाहेर येऊन बस की’, ‘सारखं काय त्या पुस्तकात डोकं?’, ‘चार लोकांत मिसळायला शीक’. मूल मोठं होतं, नोकरीला लागतं, निवृत्तही होतं. वाक्यं तीच राहतात, म्हणणारे बदलतात. आधी आत्या-काका म्हणतात, मग ऑफिसातले वरिष्ठ, आणि शेवटी स्वतःचीच मुलं म्हणतात, ‘बाबा, नुसतं वाचत बसू नका, संध्याकाळी कट्ट्यावर जात जा.’

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. माणसाला माणसं लागतात, हे त्यांचं म्हणणंही खरं आहे. गफलत होते ती पुढे. कमी बोलणारा माणूस एकाकीच असणार आणि त्यावरचा उपाय म्हणजे त्याला गर्दीत ढकलणं, असं गृहीत धरलं जातं. मानसशास्त्रातल्या गेल्या काही दशकांच्या अभ्यासात या गृहीतकाला फारसा आधार मिळत नाही. शांत स्वभावाच्या माणसालाही नाती हवी असतात, पण ती त्याला वेगळ्या वाटेने जुळवायला सोपी जातात. वाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती वाट बहुतेक वेळा पुस्तकांच्या देवाणघेवाणीतून जाते. ‘हे वाचून बघ’ या तीन शब्दांकडे छंदाचा भाग म्हणून पाहिलं जातं. त्यांना आरोग्याच्या दृष्टीनेही मोल आहे.

स्वभाव, आजार नव्हे

‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ही विभागणी रूढ केली ती स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी, १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. माणसाची मानसिक ऊर्जा मुख्यतः आत, विचारांकडे वळते की बाहेर, माणसं आणि घटनांकडे वळते, यावर त्यांचा भर होता. पुढे हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने त्याला शरीरशास्त्राची जोड देण्याचा प्रयत्न केला. अंतर्मुख व्यक्तींचा मेंदू मुळातच अधिक जागृत अवस्थेत असतो, त्यामुळे आवाज, गर्दी, धावपळ यांचा त्यांच्यावर लवकर भार पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकल्यावर अंतर्मुख माणसांच्या तोंडाला जास्त पाणी सुटतं, असंही काही प्रयोगांत दिसलं. आयझेंक यांचं सूत्र नंतरच्या संशोधनात इतकं सरळ राहिलं नाही. आज बक्षीस, कौतुक, नवीन ओळखी अशा गोष्टींना मेंदू किती उत्साहाने प्रतिसाद देतो, यातल्या फरकावरही भर दिला जातो. पण मूळ मुद्दा टिकून आहे. एकच समारंभ एकाला ताजंतवानं करतो आणि दुसऱ्याला थकवतो, यात दोघांपैकी कोणाचीही चूक नसते.

इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. अंतर्मुखता हा स्वभाव आहे. लाजाळूपणा किंवा सामाजिक भीती म्हणजे लोक काय म्हणतील याची धास्ती. आणि एकाकीपणा म्हणजे हवी तेवढी, हवी तशी जवळीक न मिळाल्याची वेदना. अंतर्मुख माणूस लाजाळू असेलच असं नाही, तो शंभर जणांपुढे उत्तम व्याख्यान देऊ शकतो आणि नंतर दोन तास गप्प बसू शकतो. उलट माणसांच्या गराड्यात रमणारा बहिर्मुख माणूसही आतून एकाकी असू शकतो. शिवाय बहुतेक लोक या मोजपट्टीच्या मधोमध कुठेतरी असतात. पूर्ण अंतर्मुख किंवा पूर्ण बहिर्मुख अशी माणसं थोडीच.

गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मधला बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर एकटा राहायला जातो. तो एकटा आहे, पण एकाकी म्हणावा का, याचं उत्तर प्रत्येक वाचक आपापलं शोधतो. एकटेपणा आणि एकाकीपणा यांतला हा फरक मराठी वाचकाला कादंबरीतून कधीच कळलेला आहे, घरातल्या शांत माणसाबद्दल बोलताना मात्र तो विसरला जातो.

एकाकीपणाची किंमत

याचा अर्थ अंतर्मुख माणसाला एकटं सोडून द्यावं, असा नाही. एकाकीपणाचा शरीरावर होणारा परिणाम आता किरकोळ मानला जात नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यांत तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र मंत्री नेमला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा भेडसावतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात आहे.

म्हणजे नाती हवीतच, अंतर्मुखालाही हवीत. प्रश्न आहे तो ती कशी जोडायची याचा. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. काही लोकांना एक आठवडाभर दैनंदिन जीवनात बहिर्मुखासारखं, म्हणजे बोलकं, उत्साही आणि पुढाकार घेणारं वागायला सांगितलं. सर्वसाधारणपणे लोकांना त्यातून आनंद मिळाला. मात्र जे मुळात अधिक अंतर्मुख होते त्यांना हा फायदा कमी झाला, उलट थकवा वाढला आणि ‘हे काही आपण नव्हे’ अशी भावना बळावली. ‘लोकांत मिसळ’ हे औषध सगळ्यांना एकाच मात्रेत देता येत नाही, हे या प्रयोगातून दिसतं.

दोघांच्या मध्ये तिसरं काहीतरी

पुस्तकांची देवाणघेवाण अंतर्मुख माणसाला का मानवते, याची कारणं पाहिली तर ती बरीच साधी आहेत.

पहिलं कारण असं की बोलायला विषय तयार असतो. अनोळखी माणसाशी बोलताना ‘काय म्हणता, कसं चाललंय?’च्या पुढे काय, या प्रश्नापाशी शांत माणूस अडतो. हवापाण्याच्या गप्पा त्याला जमत नाहीत असं नाही, त्या त्याला थकवतात. पुस्तक हातात असलं की दोघांची नजर एकमेकांवर न राहता तिसऱ्या वस्तूवर जाते. दोन माणसांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देणं हा माणसांमधल्या जवळिकीचा अगदी आरंभीचा प्रकार आहे. वर्षाच्या आतलं बाळ बोट दाखवलेल्या दिशेला बघतं आणि मग वळून आईच्या चेहऱ्याकडे बघतं. तिथून ही गोष्ट सुरू होते. शब्द त्यानंतर येतात.

दुसरं कारण वेळेचं. गप्पांमध्ये उत्तर लगेच द्यावं लागतं. पुस्तकाला ते आठ दिवसांनी, महिन्याने दिलं तरी चालतं. आधी विचार करून मग बोलण्याची ज्यांची पद्धत आहे, त्यांना ही मुदत फार उपयोगी पडते. पुस्तक परत करताना ‘शेवट पटला नाही’ एवढंच वाक्य म्हटलं तरी ते विचारांती आलेलं असतं आणि समोरच्याला ते कळतं.

तिसरं कारण थोडं खोलातलं आहे. नातं घट्ट होतं ते हळूहळू मन मोकळं केल्याने, हे मानसशास्त्रात पुरेसं अभ्यासलं गेलं आहे. पण स्वतःबद्दल थेट बोलणं अनेकांना अवघड जातं. पुस्तकाची शिफारस करताना माणूस स्वतःबद्दल आडून बोलतो. नवी नोकरी लागून दूरच्या गावी निघालेल्या भाच्याच्या हातात एखादा मामा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ठेवतो, तेव्हा मेंढपाळांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची ती गोष्ट काळजीचे चार शब्द सांगून जाते. ते चार शब्द मामाला कदाचित तोंडाने कधीच म्हणता आले नसते. भाच्याने ती वाचून ‘मामा, आवडली’ असं कळवलं की दोघांत काहीतरी पोहोचलेलं असतं.

चौथं कारण ओळखीच्या माणसांचं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘सैल धाग्यांचं बळ’ ही कल्पना मांडली. जिवलग नसलेली, नुसती तोंडओळखीची माणसंही आयुष्यात मोठी कामाची असतात, हे त्यांनी प्रामुख्याने नोकरी मिळण्याच्या संदर्भात दाखवलं. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं की ज्या दिवशी माणसाचा अशा सैल ओळखीच्या लोकांशी अधिक संबंध येतो, त्या दिवशी त्याला अधिक बरं वाटतं आणि आपण कुठल्या तरी समूहाचे आहोत ही जाणीवही वाढते. वाचनालयात पुस्तक बदलून देणारे काका, आपण परत केलेलं पुस्तक नेहमी आपल्यामागून नेणारी कोणी बाई, रद्दीच्या दुकानात ‘तुमच्या आवडीचं आलंय’ म्हणून बाजूला काढून ठेवणारा दुकानदार, हे असेच धागे. दिवाळी अंकांच्या योजनेत एकाच अंकासाठी ताटकळणारे दोन सभासद महिनाभरात एकमेकांना नावाने ओळखू लागतात, तेही याच प्रकारात मोडतं.

दावे किती खरे

वाचनाच्या फायद्यांबद्दल बोलताना सावधगिरी हवी, कारण या क्षेत्रात अतिशयोक्ती फार. ‘सहा मिनिटं वाचलं की ताण ६८ टक्क्यांनी घटतो’ हा आकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो शास्त्रीय नियतकालिकात रीतसर प्रसिद्ध न झालेल्या एका पाहणीतून आला आहे, त्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात, वाङ्मयीन दर्जाचं कथात्म साहित्य थोडा वेळ वाचल्यानेही दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते, असं मांडलं आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०१६ मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो निष्कर्ष हाती आला नाही. २०१८ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात परिणाम दिसला, पण लहानसा.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ अमेरिकी लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात पुस्तकं वाचणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी आढळला. शिक्षण, संपत्ती, आधीचं आरोग्य यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचणाऱ्यांना मात्र तेवढा लाभ दिसला नाही. तरीही हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. पुस्तकामुळे आयुष्य वाढलं की निरोगी, स्वस्थ माणसंच पुस्तकं वाचतात, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुस्तकी माणूस समाजात कच्चाच, हा समज मात्र पुराव्यापुढे टिकत नाही. कॅनडातले रेमंड मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कथा-कादंबऱ्या अधिक वाचणाऱ्यांना सामाजिक आधार अधिक असल्याचं दिसलं. म्हणजे कादंबरीत बुडालेलं मूल जगापासून तुटतं आहे, ही पालकांची धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते.

वाचक वाचेनासा झाला तर

तरीही एक प्रश्न उरतो. पुस्तक हा लपण्याचा आडोसाही होऊ शकतो ना? होऊ शकतो. शाळेत जाण्याची भीती, घरातली भांडणं, एखाद्या जवळच्या माणसाचा मृत्यू, या सगळ्यांपासून दूर पळायला पुस्तक सोयीचं असतं. काही काळ तो आडोसा हवाही असतो. फरक ओळखायची खूण अशी, की आवडीने वाचणारा माणूस वाचून उठल्यावर हलका झालेला दिसतो, कामं उरकतो, दोन-तीन का होईना पण आपली माणसं धरून असतो. पळणारा माणूस मात्र जेवण, झोप, अभ्यास, काम, सगळं टाळू लागतो आणि पुस्तक मिटलं की त्याची अस्वस्थता वाढते. अशा वेळी त्याच्याशी बोलायलाच हवं.

त्याहून महत्त्वाची खूण उलट दिशेची आहे. पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात रस न वाटणं हे नैराश्याच्या प्रमुख लक्षणांपैकी एक आहे. लक्ष न लागणं हेही त्यातलंच. बोलका माणूस गप्प झाला तर चारचौघांना लगेच कळतं. मुळातच गप्प असलेल्या माणसाचं काही बिनसलं तर कळायचं कसं? तो आधीही कमी बोलायचा, आताही कमीच बोलतो. त्याच्या बाबतीत बदल दिसतो तो वाचनात. आठवड्याला पुस्तक बदलणारा माणूस महिनाभर वाचनालयात फिरकत नाही. नेलेलं पुस्तक न उघडता परत येतं. ‘काय वाचताय?’ या प्रश्नावर ‘काही नाही, डोक्यात शिरत नाही’ असं उत्तर येतं. ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात येते ती त्याच्याशी पुस्तकांची देवाणघेवाण करणाऱ्याच्या. पुस्तकातून जुळलेलं नातं आरोग्याच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाचं ठरतं ते इथे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोपेत बदल, कशातच मन न रमणं असं दिसलं तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सेवेवर फोन करता येतो. पुस्तक आधार देतं, पण ते उपचारांची जागा घेऊ शकत नाही.

सोय कोणी करायची

पुस्तकातून नाती जुळावीत यासाठी मोठ्या खर्चाची गरज नसते, थोड्या कल्पकतेची असते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन मैत्रिणींनी ‘सायलेंट बुक क्लब’ सुरू केला. आपापलं पुस्तक आणायचं, एकत्र बसून मुकाट्याने वाचायचं, नंतर वाटलं तर बोलायचं, एवढाच त्याचा नेम. नेमून दिलेलं पुस्तक नाही, चर्चेत मत मांडायची सक्ती नाही. आज अनेक देशांत असे गट आहेत. बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये सुरू झालेला असाच उपक्रम २०२३ मध्ये गाजला आणि मुंबई-पुण्यासह अनेक शहरांतल्या बागांमध्ये त्याचं अनुकरण झालं. झाडाखाली चटई टाकून शेजारी शेजारी गप्प बसलेली माणसं बाहेरून विचित्र दिसत असतील, पण त्यांच्यापैकी अनेकांना हवी असलेली सोबत नेमकी तेवढीच असते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटांत फिरते. ती दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंतही पोहोचली. या सगळ्यांत पुस्तकाइतकंच मोल आहे ते पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याला. विक्रीच्या संकेतस्थळांवर ‘तुम्हाला हेही आवडेल’ अशी यादी लगेच येते. ती मागच्या खरेदीवरून बेतलेली असते. ओळखीचा माणूस शिफारस करतो तेव्हा त्याला समोरच्याच्या घरी सध्या काय चाललं आहे हेही माहीत असतं, आणि पुस्तक कसं वाटलं हे ऐकायला तो थांबलेला असतो.

म्हणूनच छोट्या वाचनालयांतला जाणता ग्रंथपाल ही गावाच्या मानसिक आरोग्याची गरज मानायला हवी. वाचनालय म्हणजे पुस्तकांचं गोदाम आणि ग्रंथपाल म्हणजे नोंदी करणारा कारकून, अशी समजूत असेल तर अनुदान आणि वेतनाचे प्रश्न कायम शेवटी ढकलले जातात. पुस्तकांच्या खरेदीची मागणी करताना ‘वाचकाला ओळखणारा माणूस’ टिकवण्याची मागणीही तितक्याच जोराने व्हायला हवी.

बाकी गोष्टी घरोघरी, शाळांत आणि सोसायट्यांत करता येतील. डॉ. कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. त्या दिवशी मुलांना व्यासपीठावर उभं करून आवडत्या पुस्तकावर बोलायला लावतात. बोलक्या मुलांना ते आवडतं, शांत मुलं मात्र त्या धास्तीने पुस्तकच नको म्हणतात. त्यांना पुस्तकात ठेवायला कागदाची एक चिठ्ठी द्यावी आणि ‘हे कोणाला आवडेल आणि का’ एवढंच लिहायला सांगावं. पुढे ते पुस्तक नेणाऱ्या मुलाला ती चिठ्ठी मिळेल आणि त्यातून कदाचित मैत्रीही सुरू होईल. सोसायटीच्या ऑफिसात एक कपाट आणि एक वही ठेवली तरी पुरे. वहीत नाव, पुस्तक आणि एका ओळीत मत.

शिफारस करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं. पुस्तक दिल्यावर ‘वाचलंस का?’ असा तगादा लावू नये. ती उसनवारीची वसुली होते. पुस्तक आवडलं नाही तर तसं सांगण्याची मोकळीक द्यावी, कारण नावडही माणसं जवळ आणते. आणि पुस्तक परत येणार नाही ही शक्यता मनाशी धरून ते द्यावं, म्हणजे मैत्रीत वितुष्ट येत नाही.

घरातल्या शांत माणसाची काळजी वाटत असेल तर ‘लोकांत मिसळ’ म्हणण्याऐवजी ‘सध्या काय वाचतोस?’ असं विचारावं, आणि तो जे नाव सांगेल ते पुस्तक मागून घेऊन खरोखर वाचावं. आठ दिवसांनी ते परत करताना बोलायला काहीतरी असेल, आणि त्या वेळी बहुधा तो आपणहून बोलेल.